बंद झालेल्या वर्षातलं नाव

तो माणूस मला आवडत नव्हता, हे आधीच लिहून टाकतो. पुढं जे झालं त्यातला माझ्या वाट्याचा भाग त्या नावडीतूनच आला.

तो दर सोमवारी यायचा. अजिंठ्याकडून येणाऱ्या एसटीनं स्टँडवर उतरायचा आणि तिथून चालत आमच्या कार्यालयात. हातात कापडी पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि कागद. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, ऐन उन्हाळ्यातही मनगटाची बटणं लावलेली. दारातल्या शिपायाला मोठ्यानं ‘जय भीम’ घालायचा, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असा. मग माझ्या टेबलासमोर येऊन तेच, जरा खालच्या आवाजात. मी मान वर न करता ‘बसा’ म्हणायचो. बसायला सांगितलं म्हणजे आपण सभ्यपणे वागलो, असं तेव्हा मी धरून चाललो होतो.

तो आमच्याच कार्यालयातून पूर्वी कधीतरी बदलून गेलेला शाखा अभियंता. आधी हिंगोली, मग आणखी दोन-तीन ठिकाणं, आणि शेवटी निवृत्त होऊन गावी. गावी घर बांधायला काढलं होतं. खालचा मजला झाला, वर जिन्याच्या तोंडाशी सळया तशाच उघड्या, गंज धरलेल्या. ग्रॅच्युइटी मिळाली की पुढचं काम, असा हिशेब होता. पण ती अडकली होती. पेन्शनही पूर्ण सुरू झाली नव्हती, तात्पुरती म्हणून थोडी रक्कम यायची. अडलं होतं आमच्या कार्यालयामुळं, आणि आमच्या कार्यालयात ज्या टेबलावर अडलं होतं, ते टेबल माझं होतं.

मी लेखा शाखेत आहे. सरकारी कामासाठी कर्मचाऱ्याला आगाऊ पैसे दिले तर आमच्याकडे त्याला तसलमात म्हणतात. काम झालं की त्यानं पावत्या आणून द्यायच्या, उरलेले पैसे भरायचे, की त्याचं नाव यादीतून निघतं. नाही निघालं तर ते पुढच्या वर्षीच्या यादीत जातं, मग त्याच्या पुढच्या. गेल्या वर्षाची अखेरची शिल्लक ती यंदाची सुरुवातीची शिल्लक. आम्ही ती ओढतो. ‘ओढणं’ हाच शब्द आहे आमच्यात. या माणसाच्या नावासमोरची मोठी रक्कम वर्षानुवर्षं अशीच ओढली गेली होती. मधल्या काळात शहराचं नाव बदललं, शिक्के बदलले, यादीच्या माथ्यावरचा पत्ता बदलला. खाली त्याचं नाव होतं तिथंच राहिलं. ते निघाल्याशिवाय मी त्याला ‘येणे बाकी नाही’ असा दाखला देऊ शकत नव्हतो, आणि दाखल्याशिवाय त्याचे पैसे सुटत नव्हते.

“हे पैसे मी घेतलेच नाय,” पहिल्या सोमवारी तो म्हणाला.

“नोंद आहे.”

“नोंद कोण लिहितं? आभाळातून पडती?”

“यादी चालत आलेली आहे. माझ्या आधीपासून.”

“मंग तुमच्या आधीच्याला बोलवा.”

“ते रिटायर झाले.”

“मी बी झालोय की. मला बरं बोलवता येतं तुम्हाला.”

त्यानं पिशवीतून एक झेरॉक्स काढून माझ्यापुढं ठेवली. आमच्या कार्यालयातून त्याला कार्यमुक्त केल्याचा आदेश. तारीख पावसाळ्यातली. तसलमात दिल्याची नोंद त्यानंतरच्या एकतीस मार्चची.

“एकतीस मार्चला मी हिंगोलीत हजेरीवर सही केलेली हाय,” तो म्हणाला. “माणूस तिथं अन् हात हितं, असं कसं झालं, तेवढं सांगा.”

ज्याला थोडीफार अक्कल आहे त्याला तिथंच कळलं असतं की नोंद खोटी आहे. मलाही कळलं. मी म्हणालो, “अर्ज द्या. तपासू.”

“अर्ज दिलेला हाय. तीन वेळा.”

“परत द्या.”

तो हसला. त्याचं हसणं मला कधी सहन झालं नाही. एका गालानं हसायचा आणि डोळे तसेच ठेवायचा.

पुढचे सोमवार असेच गेले. तो बसायचा, बाटलीतलं पाणी प्यायचा, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलायचा. “साहेब लई कामात हायेत आज. कॅल्क्युलेटर तापलाय बघा.” कुणीतरी हसायचं. माझ्या हाताखालच्या वरिष्ठ सहायक मॅडम तोंडावर रुमाल धरायच्या. एकदा मी जेवायला उठलो तर म्हणाला, “जा, जा. माझी रक्कम कुठं पळून चालली? ती तर तुमच्याकडं मुरलीय.” असली वाक्यं मी घरी घेऊन जायचो. जेवताना बायकोनं काही विचारलं तर तिच्यावर खेकसायचो.

मग त्यानं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. आजवरच्या सगळ्या याद्यांच्या प्रती, आणि प्रत्येक यादीवर सही कुणाची त्यांची नावं. अलीकडच्या सगळ्या याद्यांवर सही माझी होती. एकही नाव न तपासता केलेली. आमच्यात कुणीच तपासत नाही.

त्या अर्जानंतर मी जे केलं ते लिहायला हात मागं येतो. मी त्याची फाईल अडवली. उघड नाही, नियमात बसवून अडवली. झेरॉक्स साक्षांकित असताना मूळ आदेश मागितला. तो त्यानं आणून दाखवल्यावर, हिंगोलीच्या कार्यालयाकडून खातरजमा हवी असं टिपणीत लिहिलं. फोनवर मिनिटात झालं असतं. मी टपालानं पत्र पाठवलं. श्रावणात त्या पत्राचं उत्तर आलं: सदर कर्मचारी त्या तारखेला आमच्याकडे हजर होते. आवक नोंद झाली, पत्र माझ्या टेबलावर आलं. मी ते वाचलं आणि ड्रॉवरमध्ये टाकलं.

त्या सोमवारी त्यानं विचारलं, “हिंगोलीचं उत्तर आलं?”

“नाही.”

“बरं,” तो म्हणाला आणि बाटली उघडून पाणी प्यायला.

पुढच्या सोमवारी तोच प्रश्न, तेच उत्तर. गणपती बसले, उठले. दसरा झाला. मी ‘नाही’ म्हणत राहिलो. त्याला मुद्दाम त्रास द्यावा असं मी ठरवलं नव्हतं. असं मी स्वतःला सांगायचो. ड्रॉवर उघडला की ते पत्र दिसायचं, आणि पत्र दिसलं की त्याचं हसणं आठवायचं, आणि मी ड्रॉवर बंद करायचो.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी त्यानं नेहमीचा प्रश्न विचारला नाही. खुर्ची पुढं ओढून, पहिल्यांदाच फक्त मला ऐकू येईल असं बोलला.

“त्या साली हितून तिघं बदलून गेलो. तिघांचे आदेश एकाच दिवशी निघाले. मंग यादीत माझंच नाव कामून?”

“मला काय माहीत?”

“बाकी दोघांची आडनावं सांगू?”

त्यानं सांगितली. एक माझ्या मामाच्या गावाकडचं निघालं.

“माझं आडनाव तुम्ही यादीत वाचलंय. तुमचं मी टेबलावरच्या पाटीवर वाचतो, दर सोमवारी,” तो म्हणाला. “बाकी काय सांगायचं? येतो.”

मी शेतकरी कुटुंबातला. गावी जमीन आहे, भाऊ बघतो. आमच्या घरात कुणी कुणाला जात विचारत नाही असं आम्ही पाहुण्यांना सांगतो. त्या दुपारी मी माझीच पाटी वाचत बसलो. या माणसाचं बोलणं मला एवढं का झोंबतं, हे मी स्वतःला तोवर विचारलंच नव्हतं. माझ्या गावाकडचा, माझ्या नात्यागोत्यातला एखादा माणूस असाच येऊन असाच टोचून बोलला असता, तर मी त्याला चहा पाजला असता आणि घरी जाऊन ‘तोंडाचा फटकळ आहे, पण खरा आहे’ असं कौतुकानं सांगितलं असतं. हे माझ्या लक्षात आलं आणि अंगाला घाम सुटला. घाम सुटला म्हणून मी सुधारलो, असं मात्र झालं नाही. ते पुढं येईल.

ज्या वर्षीची ती नोंद होती त्या वर्षीचे लेखाधिकारी म्हणजे माझे गुरू. मी नोकरीला लागलो तेव्हा त्यांनी मला हे काम शिकवलं. माझा डबा नसायचा तेव्हा स्वतःच्या डब्यातली पोळी अर्धी करून द्यायचे. ते शहागंजच्या मागच्या गल्लीत राहतात. मी गेलो तो त्यांच्याकडचा पाणी येण्याचा दिवस होता. ते बनियनवर अंगणात उभे राहून पाइपानं पाण्याचे मोठे टिप भरत होते.

मी विचारलं. त्यांनी काही लपवलं नाही.

“त्या साली बँकेशी मेळ बसत नव्हता. अहवाल संध्याकाळी जायचा होता. फरक खुंटीला टांगला.”

ही पद्धत मला माहीत होती. वर्षअखेरीला रोकडवही आणि बँक जुळली नाही, तर फरकाची रक्कम बदलून गेलेल्या कुणाच्या तरी नावावर तसलमात म्हणून दाखवायची. तो माणूस इथं नसतो, त्याला कळत नाही. एप्रिलमध्ये सवडीनं खरी चूक शोधायची आणि नाव काढून टाकायचं. अशा नावाला खुंटी म्हणत.

“एप्रिलमध्ये काढलं का नाही, साहेब?”

“एप्रिलमध्ये माझीच बदली झाली. मागून आला त्यानं ओढलं. तूसुद्धा ओढलंच की.”

“तिघं बदलून गेले होते. हाच का?”

त्यांनी पाइप एका टिपातून काढून दुसऱ्यात घातला. “एक आपल्यातला. दुसऱ्याचा मेव्हणा पुढारी. याच्या मागं कोण येणार होतं?” मग माझ्याकडं बघून म्हणाले, “तोंड कशाला पाडतोस? मनात काही नव्हतं माझ्या. काम भागवलं.”

मनात काही नव्हतं, हे मला आजही खरं वाटतं. त्यामुळं ते बरं होत नाही.

ते पुढं म्हणाले, “बंद वर्ष उघडू नको. उघडलंस तर माझ्यापासून तुझ्यापर्यंत सगळ्यांचे खुलासे निघतील. त्याला सांग, रक्कम भरून टाक. निम्मी मी देतो. माझं नाव नको घेऊ.”

मी नको म्हणायला हवं होतं. त्यांच्या अंगणात उभं राहून मला ते सोयीचं वाटलं. माझ्या सहीचाही प्रश्न सुटत होता. पुढच्या सोमवारी मी त्याला बाहेर टपरीवर नेलं, चहा सांगितला आणि हे सगळं जसंच्या तसं पुढं ठेवलं. रक्कम भरली की दाखला त्याच आठवड्यात, ग्रॅच्युइटी महिन्याभरात, निम्मे पैसे एक सद्गृहस्थ देतायत.

त्यानं चहाच्या ग्लासला हात लावला नाही.

“म्हणजे चोर मी,” तो म्हणाला, “अन् दयाळू तुम्ही लोक.”

“तसं नाही. तुमचं काम लवकर व्हावं म्हणून—”

“रक्कम भरली की वहीत काय लिहिता?”

मी माझा ग्लास उचलला.

“मला माहीत हाय. वसूल, असं लिहिता. मी भरले म्हणजे मी घेतले होते. गावात पुतणे आधीच म्हणतात, काका इंजिनिअर होता, खाल्ले असतील. आता तुमचा कागद बी तेच म्हणंल.” तो उठला. “निम्मे कोण देतंय, हे इचारत नाय. त्या तोंडाचं नाव मला माहीत हाय. त्याला सांगा, मला भीक नको, माझी सही नसलेल्या कागदावरनं माझं नाव काढा. अन् तुम्हाला सांगतो साहेब, तो तरी एकदाच खोटं लिहून मोकळा झाला. तुम्ही दर साली लिहिता.”

टपरीवाला ऐकत होता. मी दोन चहाचे पैसे दिले. एक तसाच भरलेला होता.

त्यानंतर मी कामाला लागलो. पश्चात्तापानं म्हणायला मला आवडेल, पण खरं तर रागानं. त्याला दाखवायचं होतं. त्या वर्षीची जुनी पासबुकं काढली. बँकेच्या शाखेत जाऊन बसलो. तिथला अधिकारीही ‘एवढं जुनं कशाला उकरता’ म्हणून वैतागला. पण चूक सापडली, आणि ती इतकी साधी होती की मला शिव्या द्यायलाही कुणी उरलं नाही. आमच्याकडे दोन योजना, दोन्हींची बँकेत वेगवेगळी खाती. एका योजनेचा धनादेश दुसऱ्या योजनेच्या खात्यातून वटला होता. एका वहीत तेवढी रक्कम कमी पडत होती, दुसरीत तेवढीच जास्त दिसत होती. कमी पडली ती रक्कम त्याच्या नावावर टाकली. जास्त दिसली तिच्याकडं कुणी बघितलंच नाही, कारण जास्तीबद्दल कुणी विचारत नाही. पैसे कधी कुठं गेलेच नव्हते. इतकी वर्षं ते शेजारच्या खात्यात पडून होते.

आता दुरुस्ती करायची होती. बाहेरच्या माणसाला वाटतं, जुना आकडा खोडायचा आणि बरोबर लिहायचा. तसं करता येत नाही. बंद झालेलं वर्ष बंदच राहतं. त्याच्या पानावरचा चुकीचा आकडा तसाच ठेवावा लागतो. चालू वर्षाची सुरुवातीची शिल्लकही आधी चुकीचीच घ्यायची, मग तिच्याखाली वेगळी ओळ घालायची: मागील वर्षांच्या शिलकेची दुरुस्ती. सोबत टिपणी: चूक काय होती, कुठल्या वर्षी झाली, का झाली, कुणाकडून झाली.

मी टिपणी लिहिली. ती मॅडमच्या टेबलावरून गेली. त्यांनी सगळ्या हॉलसमोर ती परत आणून माझ्यापुढं आपटली.

“सर, मन हलकं तुम्हाला करायचंय. खुलासा मात्र मी लिहू?”

“तुमच्या सह्या दोनच वर्षं आहेत.”

“दोन काय अन् दहा काय. माझ्या प्रमोशनची फाईल वर आहे आत्ता. पुढच्या साली करा ना तुमचं पुण्य.” मग त्या जरा वाकल्या आणि आवाज खाली आणला. “आणि हिंगोलीचं पत्र श्रावणात आलंय, सर. आवक मी केलीय. टिपणीत त्याची तारीखच नाही. माझा खुलासा तुम्ही घेणार, तुमचा कोण घेणार?”

मी टिपणी परत घेतली. पत्राची तारीख घातली, आणि ते पत्र माझ्याकडं विनाकारवाई पडून राहिलं, असंही लिहिलं. ते वाक्य लिहायला मला त्या सगळ्या टिपणीपेक्षा जास्त वेळ लागला. तिथंही मी ‘विनाकारवाई’ लिहिलं. ‘मुद्दाम’ लिहिलं नाही.

साहेबांनी, म्हणजे कार्यालयप्रमुखांनी, टिपणी वाचून चष्मा काढला.

“एवढं रामायण कशाला? रक्कम दुसऱ्या खात्यातून इकडं वळवा आणि तसलमातीसमोर ‘वसूल’ लिहा. दोन ओळी. त्याला दाखला मिळतो, आपल्याला ऑडिट नाही. त्याला पैशाशी मतलब ना?”

“वसूल लिहिलं तर त्यानं घेतले होते असं होतं, साहेब.”

“मग होऊ दे ना. कोण वाचतंय?”

“तो वाचतो.”

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या खिशात हात घातला. “तुमचा गोपनीय अहवाल मी लिहितो, हे लक्षात आहे ना?”

“आहे.”

सही त्यांनी केली, लगेच नाही. फाईल त्यांच्या कपाटावर बरेच दिवस राहिली, आणि त्या दिवसांत तो सोमवारी यायचा तेव्हा मी त्याला ती बोटानं दाखवायचो. सही झाल्यावर खुलाशांच्या नोटिसा निघाल्या. मला, मॅडमना, मधल्या काळातल्या दोघांना, आणि शहागंजच्या पत्त्यावर एक. गुरूंचा फोन आला. ते एवढंच म्हणाले, “पोळी खाताना तर कधी विचारलं नव्हतंस, कुठून आली.” आणि फोन ठेवला. त्यानंतर एका लग्नात आम्ही समोरासमोर आलो. ते अक्षता तळहातात तशाच धरून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला गेले. मॅडम माझ्याशी आता फक्त कागदावर बोलतात. त्यांचं प्रमोशन मागं पडलं. ते माझ्यामुळं पडलं, आणि ते भरून द्यायला माझ्याकडं काही नाही.

नवी यादी निघाली त्या सोमवारी मी ती त्याच्यापुढं ठेवली. त्यानं बोट फिरवत सगळी नावं वाचली. आपलं नाही, हे बघून पुन्हा वरून वाचली. दाखला घेतला, घडी करून पिशवीत ठेवला. मला वाटलं, आता तो काहीतरी म्हणेल. त्याच्या तोंडून एखादा बरा शब्द यावा अशी माझी इच्छा होती, हेही कबूल करतो.

“अन् मागल्या सालाची यादी?” तो म्हणाला.

“ती बंद झाली. तिला हात लावता येत नाही.”

“तिच्यात मी हाय.”

“हो.”

“तिच्या मागल्या सालात बी हाय.”

“नियमच आहे तसा. बंद वर्ष—”

“म्हणजे उद्या कुणी जुनी वही उघडली तर मी चोरच. अन् तुमची दुरुस्ती कुठं हाय, हे त्याला कोण सांगणार? तुम्ही तिथं उभे राहणार?”

त्याचं म्हणणं बरोबर होतं. आकडा खोडता येत नाही, पण जुन्या नोंदीसमोर लाल शाईनं संदर्भ लिहिता येतो: दुरुस्तीसाठी अमुक वर्षाचं अमुक पान पाहावं. शिकताना आम्हाला हे सांगितलं होतं. करत कुणी नाही. मी कपाटाची किल्ली घेतली आणि त्याला म्हणालो, “चला.”

आमची अभिलेखांची खोली जिन्याखाली आहे. पंखा नाही, एकच ट्यूब. मी एकेक वर्षाची फाईल काढायचो, त्याचं नाव शोधायचो, समोरच्या समासात लाल शाईनं ओळ लिहायचो, सही करायचो. तो माझ्या खांद्यामागं उभा होता. बसायला काही नव्हतं.

“अक्षर नीट काढा,” तो म्हणाला. “घाई नाय मला.”

मी नीट काढलं. दोन-तीन वर्षं झाल्यावर मला राहवलं नाही. हात चालूच ठेवून, त्याच्याकडं न बघता मी म्हणालो, “हिंगोलीचं पत्र श्रावणातच आलं होतं. माझ्या ड्रॉवरमध्ये होतं.”

“माहीत हाय.”

मी वळलो.

“तिथल्या क्लार्कनं पत्र टाकलं त्याच दिवशी मला फोन केला,” तो म्हणाला. “माझ्या हाताखालचा पोरगा हाय तो.”

“मग दर सोमवारी मला विचारत का होतात, उत्तर आलं का म्हणून?”

“बघत होतो.”

“काय?”

“तुम्ही किती सोमवार नाय म्हणता ते.”

या वेळी तो हसला नाही. मला वाटतं, हसला असता तर मला सोपं गेलं असतं. श्रावणापासून दिवाळीपर्यंत माझ्यासमोर बसून, पाणी पिऊन, तो माझं खोटं ऐकत होता, खोटं आहे हे माहीत असताना. आणि मी समजत होतो की मी त्याला ताटकळत ठेवलंय.

मला माफी मागायची होती. मी काहीतरी सुरू केलं. त्यानं हात वर केला. “ते राहू द्या. ते तुमचं तुम्ही बघा. पुढली वही काढा.”

पुढची काढली, तिच्या पुढची काढली. ज्या वर्षी ती नोंद पहिल्यांदा झाली त्या वर्षाची जागा रिकामी होती. ती फाईल लेखापरीक्षणासाठी माझ्या टिपणीबरोबरच वर गेली होती. हे माझ्या ध्यानातून गेलं होतं.

“मूळच नाय म्हणा की,” तो म्हणाला.

“येईल परत. आली की मी लिहून ठेवतो.”

“तुम्ही लिहून ठेवता.” त्यानं पिशवी उचलली. “मी येतो सोमवारी.”

त्याचे पैसे नंतर त्याच्या खात्यात जमा झाले. तसं पत्र आमच्याकडं आलं. त्याच्या घरावर दुसरा मजला चढला, असं शिपाई सांगतो. मी बघायला गेलो नाही, त्यानं बोलावलंही नाही. त्याचं आमच्या कार्यालयाशी आता काही अडलेलं नाही. तरी सोमवारी तो येतो. फाईल परत आलेली नाही. मी स्मरणपत्रं पाठवतो आणि प्रत्येकाची प्रत त्याला दाखवतो. तो तारीख वाचतो, मग जावक नोंदीतली तारीख मागून ती ताडून बघतो.

मागच्या सोमवारी तो दारातून येताना मी उठून उभा राहिलो आणि त्याच्या आधी मीच ‘जय भीम’ म्हणालो. हॉलमध्ये एक-दोन माना वळल्या. मॅडमनी लिहिणं थांबवलं.

त्यानं खुर्ची ओढली, बसला, मनगटाची बटणं नीट केली.

“राहू द्या,” तो म्हणाला. “वही आली का, तेवढं सांगा.”

“नाही,” मी म्हणालो. आणि आवक नोंदीचं रजिस्टर त्याच्याकडं सरकवलं.